विश्लेषण : छंद एकाचा, जागा-वेळ-पैसा दोघांचा! घरातल्या मॉडेल रेल्वेला ‘हिरवा सिग्नल’ देणाऱ्या जोडीदाराचं मोल काय?

हॉलच्या भिंतीलगत प्लायवूडचा सहा फुटी पाट, त्यावर रूळ, फलाट, बोगदा आणि अर्धवट रंगवलेला डोंगर. शेजारी सोल्डरिंगची तार आणि झाकण उघडी राहिलेली गोंदाची बाटली. मॉडेल रेल्वेचा छंद ज्या घरात असतो, तिथलं हे नेहमीचं दृश्य. या छंदाबद्दल बोलताना इंजिनांचं कौतुक होतं, बारकाव्यांचं होतं, करणाऱ्याच्या चिकाटीचंही होतं. त्याच घरात राहून हा पसारा चालवून घेणाऱ्या माणसाची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. या छंदाचा भार जोडीदारावर नेमका किती पडतो, नात्यांवरचं संशोधन काय सांगतं आणि ‘तुझ्यामुळे जमलं’ हे नुसतं न बोलता कसं दाखवून देता येतं, ते समजून घेऊ.

मॉडेल रेल्वे म्हणजे खेळण्यातली गाडीच ना?

नाही. फरक प्रमाणाचा आहे. खेळण्यातली गाडी दिसायला गाडीसारखी असली की पुरते. मॉडेल रेल्वेत इंजिन, डबे, सिग्नल, फलाट, झाडं आणि माणसं हे सगळं एकाच ठरलेल्या प्रमाणात लहान केलेलं असतं. जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं प्रमाण म्हणजे ‘एचओ’, अर्थात १:८७. त्यात रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. त्याहून लहान ‘एन’ प्रमाण १:१६० असून त्याचे रूळ ९ मिलिमीटरचे असतात. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १९७२ मध्ये आणलेलं ‘झेड’ तर १:२२० इतकं छोटं आहे.

भारतीय गाड्यांची मॉडेल करणाऱ्यांपुढे आणखी एक पेच असतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर रुळांमधलं अंतर १९ मिलिमीटरहून थोडं जास्त यायला हवं. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचाच, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर बेतलेला आहे. त्यामुळे एक तर हा फरक पोटात घालायचा, नाही तर रूळ स्वतः बनवायचे. दुसरा पर्याय निवडणाऱ्याच्या घरात पुढची काही वर्षं डायनिंग टेबल जेवणासाठी मोकळं मिळेलच, याची खात्री नसते.

घरात जागा किती लागते?

साधा हिशेब करून पाहू. एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. एचओ प्रमाणात तो साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसला असतात तसे २२ डबे जोडले आणि पुढे साडेवीस मीटरच्या डब्ल्यूएपी-७ इंजिनचं मॉडेल लावलं, तर गाडीची लांबी सहा मीटरच्या वर, म्हणजे वीस फुटांपेक्षा जास्त भरते. मुंबईतल्या अनेक वन बीएचके घरांचा हॉलसुद्धा इतका लांब नसतो. ‘एन’ प्रमाणात हीच गाडी साडेतीन मीटरच्या आत बसते. पण एवढी गाडी उभी राहील असा फलाट आणि पुढे वळायला जागा असा विचार केला, की खोलीची एक अख्खी भिंत जाते.

वळणांचा हिशेब तर आणखी कडक. एचओमधल्या सर्वात आवळ वळणाची त्रिज्या साधारण ३६ सेंटिमीटर असते. म्हणजे गाडी गोल फिरून परत यायला, कडेची मोकळी जागा धरून, किमान तीन फूट रुंदीचा पाट हवा. लांब डबे एवढ्या आवळ वळणावर कडेला बाहेर लोंबल्यासारखे दिसतात आणि घसरतातही. त्यांच्यासाठी ५५-६० सेंटिमीटर त्रिज्या बरी पडते. मग पाटाची रुंदी चार फुटांवर जाते. आठ बाय चार फुटांचं अख्खं प्लायवूड घरात आणण्यामागचं कारण हे असतं. पलंगही जवळपास तेवढाच असतो, आणि एका खोलीत दोन पलंग मावत नाहीत, हे जोडीदाराला कोणत्याही त्रिज्येशिवाय कळतं.

प्रश्न फक्त जागेचा आहे का?

जागा डोळ्यांना दिसते, म्हणून वादही तिच्यावरून होतो. बाकीचा भार हळूहळू जाणवत जातो.

पहिला भार धुळीचा. मॉडेल इंजिनला वीज रुळांतून चाकांमार्फत मिळते. रुळावर धुळीचा किंवा तेलाचा पातळ थर बसला तरी इंजिन धक्के खात चालतं किंवा थांबतं. त्यामुळे ‘खिडकी बंद ठेव’, ‘पंखा कमी कर’, ‘इथे झाडू मारू नको, मी करतो’ असे नियम सगळ्या घराला लागू होतात. दिवाळीच्या साफसफाईत जोडीदाराला स्वतःच्याच घराचा एक कोपरा ‘हात लावू नये’ म्हणून सोडावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेने प्लायवूड फुगतं, रूळ वाकडे होतात आणि दुरुस्तीचा नवा हंगाम सुरू होतो.

दुसरा भार वासाचा आणि आवाजाचा. सोल्डरिंगचा धूर, गोंद, रंग, थिनर. त्यात रूळ थेट लाकडावर ठोकले असतील, तर पाट ढोलासारखा वाजतो. हौशी लोक रुळांखाली कॉर्कची पट्टी घालतात, ती यासाठीच.

तिसरा भार वेळेचा. कॅनडाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये ‘सीरियस लीजर’ ही संकल्पना मांडली. काही छंद केवळ विरंगुळा नसतात. त्यात कौशल्य कमवावं लागतं, अडचणी आल्या तरी चिकटून राहावं लागतं, आणि माणसाची ओळखच त्या छंदाशी जोडली जाते. मॉडेल रेल्वे या वर्णनात चपखल बसते. सुतारकाम, वायरिंग, रंगकाम, इलेक्ट्रॉनिक्स आणि रेल्वेचा इतिहास हे सगळं एकाच माणसाने शिकायचं असतं. म्हणूनच ‘पाच मिनिटांत आलो’ ही पाच मिनिटं दोन तासांची होतात. त्या दोन तासांत दूध तापवणं, मुलांचा अभ्यास आणि दारावरची बेल कोणीतरी सांभाळत असतं.

चौथा भार पैशांचा, आणि तो मोकळेपणाने सर्वात कमी बोलला जातो. चांगली इंजिनं बहुतेक आयातच करावी लागतात. जुन्या पद्धतीत रुळाला दिलेल्या व्होल्टेजवर गाडीचा वेग ठरतो, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिनं एकदम धावतात. ‘डीसीसी’ या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनात स्वतःचा पत्ता असलेला डिकोडर बसवतात आणि मग एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात. सोय मोठी, पण प्रत्येक इंजिनामागे डिकोडरचा खर्च वाढतो. आवाजाचा डिकोडर घेतला तर आणखी.

डिस्नेने घरातच ‘भूसंपादन’ कसं केलं?

या बाबतीतलं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वॉल्ट डिस्ने यांना रेल्वेचं विलक्षण वेड होतं. लॉस एंजेलिसच्या होम्बी हिल्स भागात कॅरोलवुड ड्राइव्हवर नवं घर बांधताना त्यांनी अंगणात १:८ प्रमाणाची, खऱ्या वाफेवर चालणारी रेल्वे आखली. तिचं नाव ‘कॅरोलवुड पॅसिफिक’. रुळांची एकूण लांबी सुमारे ८०० मीटर. या गाडीवर माणसं बसून फिरू शकत.

अडचण एकच होती. जिथून रूळ जाणार होते, तिथे पत्नी लिलियन यांना फुलबाग हवी होती. डिस्ने यांनी वकिलाकडून रीतसर कायदेशीर भाषेतला करारनामा तयार करून घेतला. रेल्वेला घराच्या आवारातून मार्गाचा हक्क देणारा! वरवर हा विनोद. पण त्यामागे एक गोष्ट मान्य केलेली होती : हे आवार दोघांचं आहे आणि त्यातली पट्टी हवी असेल तर विचारावं लागेल.

नुसतं विचारून ते थांबले नाहीत. फुलबागेला धक्का लागू नये म्हणून रूळ जमिनीखालून नेले. त्यासाठी सुमारे ९० फुटांचा, इंग्रजी ‘एस’सारखा वळणदार बोगदा बांधला. जास्तीचा खर्च आणि जास्तीची खोदाई छंद असणाऱ्याच्या पदरात पडली, बाग जागेवर राहिली. इंजिनाचं नाव ठेवलं ‘लिली बेल’, पत्नीच्या नावावरून. १९५० मध्ये ही रेल्वे सुरू झाली. १९५३ मध्ये गाडी घसरून एका लहान मुलीला वाफेने इजा झाल्यावर डिस्ने यांनी ती बंद केली. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्याच्या भोवती वाफेची रेल्वे धावत होती.

पत्नीचं नाव इंजिनाला देण्याची रीत डिस्ने यांच्या स्टुडिओत आणखी एकाने पाळली. तिथले ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर ऑली जॉन्स्टन यांनी दुरुस्त करून पुन्हा चालतं केलेलं पूर्ण आकाराचं वाफेचं इंजिन ‘मेरी ई.’ या नावाने ओळखलं जातं. मेरी हे त्यांच्या पत्नीचं नाव.

रॉकस्टारच्या घरातही हेच?

हो. ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्ट यांनी २०१९ मध्ये ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकात आपलं लेआउट जगासमोर आणलं. लॉस एंजेलिसच्या घरात सर्वात वरच्या मजल्यावर उभं केलेलं हे अमेरिकन शहर, लांबी १२४ फूट, रुंदी २३ फूट. कामाला दोन दशकांहून अधिक काळ लागला. गाण्याच्या दौऱ्यांवर ते इमारतींचे सुटे भाग सोबत नेत आणि कामासाठी हॉटेलात वेगळी खोली घेत. हे सगळं त्यांनी स्वतः केलं नसावं, असा सूर एका रेडिओ कार्यक्रमात लागल्यावर त्यांनी थेट तिथे फोन केला आणि वायरिंग सोडलं तर सुमारे ९० टक्के काम आपलंच असल्याचं सांगितलं.

मजला मोकळा असला की जागेचा प्रश्न सुटतो. वेळेचा सुटत नाही. दोन दशकांचा छंद म्हणजे घरातल्या माणसांचीही दोन दशकं.

महाराष्ट्रात अशी परंपरा आहे का?

आहे, आणि ती पाहताही येते. पुण्यात कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, उड्डाणपूल, बोगदे, रात्रीचे दिवे असं अख्खं छोटं शहर तिथे गाड्यांसोबत जिवंत होतं. सुट्टीत मुलांना घेऊन तिथे जाणं हा अनेक पुणेकर कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम. संस्थापकांच्या पश्चातही कुटुंबाने ते चालू ठेवलं. एका माणसाचा छंद पिढी ओलांडतो, तेव्हा घरच्यांनी तो नुसता सहन केलेला नसतो, आपला मानलेला असतो.

नात्यांवरचं संशोधन काय सांगतं?

‘दोघांनी मिळून छंद जोपासा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. संशोधनातलं चित्र मात्र जरा वेगळं आहे. ड्वेन क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी विवाहित जोडप्यांचा अनेक वर्षं मागोवा घेऊन २००२ मध्ये ‘जर्नल ऑफ मॅरेज अँड फॅमिली’मध्ये निष्कर्ष मांडले. नवऱ्याला आवडणाऱ्या पण बायकोला न आवडणाऱ्या गोष्टींमध्ये वेळ जात असेल, तर त्याचा संबंध बायकोच्या नाराजीशी दिसला. नवरा त्या एकट्याने करत असो किंवा बायकोला सोबत घेऊन करत असो. म्हणजे नावडत्या छंदात ओढून घेणं हा उपाय नाही. शिवाय नाराजी हे कारणही होतं आणि परिणामही.

दुसरा धागा शेली गेबल या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून मिळतो. जोडीदाराने चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा कसा प्रतिसाद देतो, यावर त्यांनी अभ्यास केला. प्रतिसादाचे चार प्रकार त्यांनी सांगितले. ‘इंजिन चढाव चढलं!’ असं कोणी आनंदाने सांगितलं, की पहिला प्रतिसाद : ‘अरे वा, काल अडकत होतं ना? काय बदललंस?’ दुसरा : ‘छान’, नजर मोबाइलवर. तिसरा : ‘त्यापेक्षा गळका नळ दुरुस्त केला असतास तर?’ चौथा : ‘भाजी काय करू?’ यातला पहिला, उत्सुकतेने विचारपूस करणारा प्रतिसाद नात्यातल्या समाधानाशी जोडलेला आढळला. त्यासाठी इंजिनाची आवड असावी लागत नाही, माणसाची असावी लागते.

मात्र हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. ज्याच्या इंजिनाची रोज विचारपूस होते, त्याने जोडीदाराच्या भजनी मंडळाची, ट्रेकची, ऑफिसातल्या प्रेझेंटेशनची चौकशी शेवटची कधी केली, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. छंद नवऱ्याचाच असतो असंही नाही. रूळ मांडणारी बायको आणि चहा करून देणारा नवरा असेल, तरी हिशेब तोच राहतो.

मग कौतुक कसं दाखवायचं?

‘माझी बायको फार समजूतदार आहे’ असं मित्रांत सांगणं सोपं. पण चालवून घेणं आणि पाठिंबा देणं यात फरक आहे. पहिल्यात जोडीदाराला पर्याय नसतो, दुसऱ्यात असतो. तो पर्याय ठेवणं हीच कौतुकाची पहिली पायरी.

जागेची सीमा आधी ठरवून घ्यावी. ‘ही भिंत, इथपर्यंत’ असं एकदा ठरलं, की लेआउट दर सहा महिन्यांनी अर्धा फूट पुढे सरकत नाही. छंदाचा मासिक खर्च उघड असावा आणि तेवढीच रक्कम जोडीदारानेही विचारल्याशिवाय स्वतःवर खर्च करावी. लेआउटभोवतीची साफसफाई पूर्णपणे छंद असणाऱ्याची. सोल्डरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून ते काम खिडकीजवळ करावं, लहान मुलं जवळ नसताना करावं आणि नंतर हात धुवावेत. पाहुणे येणार असतील तेव्हा पाट आवरायचं काम शेवटच्या क्षणी दुसऱ्यावर पडू नये.

आणि वेळ. घड्याळ लावून बसणं यात कमीपणा नाही. वेळापत्रक पाळणं हा तर या छंदाचाच भाग आहे.

लहान घरात दोघांचं जमेल असा मार्ग आहे का?

आहे. ‘टी-ट्रॅक’ या पद्धतीत ‘एन’ प्रमाणाचे साधारण एक फूट लांबीचे सुटे ठोकळे बनवतात. एका वेळी एकच ठोकळा टेबलावर घेऊन काम करता येतं आणि झालं की कपाटात ठेवता येतो. मित्र जमले की प्रत्येकाचे ठोकळे जोडून मोठं लेआउट तयार होतं.

दुसरा पर्याय इंग्लंडचे अ‍ॅलन राइट यांनी लोकप्रिय केलेलं ‘इंगलनुक’. तीन छोट्या सायडिंग, एक इंजिन आणि आठ वाघिणी, एवढाच सरंजाम. आठपैकी पाच वाघिणी चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात, त्यामुळे कोडं लवकर संपत नाही. हे सगळं पुस्तकांच्या फळीएवढ्या जागेत बसतं. विशेष म्हणजे रेल्वेची आवड नसलेल्यालाही हा पत्त्यांसारखा खेळ वाटू शकतो. वाटला नाही, तर आग्रह करू नये.

सर्वात महत्त्वाची, पण टाळली जाणारी गोष्ट कोणती?

मॉडेल रेल्वेवाल्यांमध्ये जगभर एक विनोद फिरतो : ‘मला भीती एकच आहे. मी गेल्यावर बायको ही इंजिनं मी तिला सांगितलेल्या किमतीला विकून टाकेल.’ हसू येतं, पण त्यात दोन अडचणी लपल्या आहेत. एक म्हणजे लपवलेला खर्च. दुसरी त्याहून मोठी : छंद असणारा माणूस अचानक गेला किंवा आजारी पडला, तर खोलीभर खोक्यांचं काय करायचं, हे मागे राहिलेल्याला माहीत नसतं. कोणतं इंजिन दुर्मीळ, कोणतं साधं, कोणाला विचारायचं, काय ठेवायचं, काय द्यायचं? दुःखाच्या काळात हा प्रश्न अंगावर येतो. मग कोणीतरी ओळखीचा येऊन सगळं मातीमोल भावात उचलून नेतो किंवा वर्षानुवर्षांचं काम भंगारात जातं.

उपाय एका संध्याकाळचा आहे. प्रत्येक इंजिन आणि डब्याचा फोटो, कंपनी, प्रमाण, खरेदीची खरी किंमत आणि आजचा अंदाजे भाव, अशी यादी मोबाइलवर किंवा वहीत करावी. मूळ खोकी जपून ठेवावीत, कारण त्यांच्यासह भाव चांगला मिळतो. विक्रीत मदत करतील अशा दोन विश्वासू छंदमित्रांची नावं आणि फोन नंबर यादीच्या वरच लिहावेत. लेआउट मोडायचं झालं तर वीज कुठून बंद करायची आणि पाट कुठे सुटा होतो, हेही नोंदवावं. कोणतं इंजिन कोणत्या नातवंडासाठी ठेवायचं, तेही.

मग ती यादी जोडीदारासोबत बसून वाचावी, खऱ्या किमतींसकट. पहिल्या पानावर थोडा वाद होईल. तो आज होणंच बरं, कारण आज उत्तर द्यायला दोघंही समोर असतात.